मोबाइलमधील सुरक्षा प्रमाणपत्र

अमरावती-अकोल्यातील खातेदार मोबाइलवर बँकेचे संकेतस्थळ उघडतो, तेव्हा ते त्याच बँकेचे असल्याची ग्वाही सुरक्षा प्रमाणपत्र, म्हणजे प्रमाणन संस्थेने दिलेले डिजिटल ओळखपत्र, देते.

विश्वासू संस्थांची यादी फोनमध्ये आधीच असते. नेहमीच्या वापरासाठी वेगळे प्रमाणपत्र बसवावे लागत नाही.

अर्थात, प्रमाणन संस्थांकडूनही चूक होऊ शकते: 2014 मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या संकेतस्थळांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली आणि ती रद्द करावी लागली.

कार्यालयाने किंवा महाविद्यालयाने वायफायसाठी दिलेले प्रमाणपत्र मात्र सेटिंग्जमधून बसवता येते आणि तेथूनच काढताही येते.

अनोळखी संदेशातून आलेले प्रमाणपत्र बसवल्यास तिऱ्हाइताला ब्राउझरमधील देवाणघेवाण वाचण्याची वाट मिळू शकते.

म्हणून श्रोत्यांनी अनोळखी प्रमाणपत्र बसवू नये. बसलेले असल्यास आजच काढावे.