सदुसष्ट किलोचा हिशेब



मला ‘उद्योजक’ म्हणून बोलायला उभं केलं आहे. आपल्या तुमसरकडे याला नुसतं मिलवाला म्हणतात. तेव्हा मिलवाल्याचंच सांगतो.

राईस मिल म्हटली की सरकारी धानाची भरडाई आलीच. आधारभूत केंद्रावरचं धान उचलायचं आणि क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ सरकारी गोदामात जमा करायचा. केंद्राचा भरडाई दर क्विंटलला १० रुपये. त्यावर राज्य सरकार भर घालतं. कोंडा मिलवाल्याचा. सरांनी शिकवलेली शेकडेवारीच ही, कागदावर अगदी सोपी.

पण उन्हाळी धान भरडून पाहा. कडक उन्हात दाण्याला आतून चीर पडते आणि मशीनमधून कनकीच जास्त निघते. तुकडा २५ टक्क्यांपर्यंत चालतो, त्यावर गेला की माल परत. एका हंगामात माझे ६७ काही भरेनात. तेव्हा एक गृहस्थ आले. म्हणाले, “भाऊ, तुम्ही मिल चालवताच कशाला? तांदूळ माझ्याकडे तयार आहे, बारदान्यासकट. तुमचं धान बाहेर विकून टाका.”

तो तांदूळ कुठला, हे विचारायची गरज नव्हती. रेशनचाच माल, फिरून पुन्हा गोदामात जाणारा.

मी त्यांना हाकललं नाही. चहा पाजला आणि दोन दिवस विचार केला. हे आज पहिल्यांदाच चारचौघांत सांगतो आहे. बँकेचा हप्ता होता, गॅरंटी अडकलेली होती आणि मिलला सरकारशिवाय दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. शेवटी नाही म्हटलं. तूट मात्र बाजारातून नवा तांदूळ घेऊन भरली. तेही नियमात बसत नाही. उगाच हरिश्चंद्र व्हायला नको.

त्या दोन दिवसांत एक कळलं. माझी नियत डगमगली, कारण माझं पोट एकाच दारावर होतं. पुढच्या वर्षी सरकारी धान निम्मंच उचललं. शेतकऱ्यांचं घरचं धान भरडून द्यायला लागलो आणि थोडा एचएमटी स्वतःच्या थैलीत विकायला लागलो. तीन वर्षं कमाई घटली. घरच्यांनी ऐकवायचं ते ऐकवलं.

एचएमटीतही मोह आहेच. दुसरा बारीक तांदूळ मिसळला तर गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी कळत नाही. पण हे वाण नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी शेतात लोंब्या निवडून तयार केलं आणि त्याला घड्याळाचं नाव दिलं. बियाणं गावोगाव वाटलं, पण त्यातून स्वतः श्रीमंत झाले नाहीत. २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या वाणाचं नाव छापून आत भलताच माल भरायचा, हे माझ्याच्याने होत नाही.

आपल्यातले काही जण शासनात आहेत, म्हणून एक मागणं. खरीप आणि उन्हाळी धानाला एकच उतारा लावला की त्या गृहस्थांसारख्यांचा धंदा आपोआप चालतो. सगळेच मिलवाले चोर नसतात, आणि सगळ्यांना निम्मं काम सोडणं परवडतही नाही. मे महिन्यात मिलवर या. एक पोतं तुमच्यासमोर भरडतो, काटा तुम्हीच धरा.