प्रसूतीनंतरचे मन आणि अर्भकाचा संवाद

तीन महिन्यांचे मूल बोलत नाही, हे अर्धसत्य होय. ते हुंकार देते, आई त्याच सुरात उत्तर देते. ते थांबते, पाहते, पुन्हा हुंकारते. या देवघेवीतच त्याच्या मनाची पायाभरणी होते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक व त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग १९७८ साली प्रसिद्ध झाला. बाळाशी खेळणाऱ्या मातांना त्यांनी काही मिनिटे चेहरा निर्विकार ठेवण्यास सांगितले. बाळांनी आधी तिला आपल्याकडे वळविण्याची खटपट केली आणि ती विफल होताच नजर फिरवली. निरोगी मातेच्या क्षणिक मौनाचा हा परिणाम! नैराश्याच्या आजारात तसाच चेहरा आठवडेच्या आठवडे राहू शकतो. काही माता याउलट चिडचिड्या होतात, बाळाला घाईने हाताळतात. तिथेही संवादाची लय तुटतेच.

हा केवळ पाश्चात्त्य समाजाचा प्रश्न नव्हे. डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी गोव्यात केलेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. त्यांतील बहुसंख्य गर्भारपणीच मनाने खचलेल्या होत्या. दारिद्र्य, पतीकडून होणारी मारहाण, मुलगी झाल्याची नाराजी ही कारणे त्यात स्पष्ट दिसली. अशा मातांची बाळे सहा महिन्यांची होईतो वजनात व मानसिक विकासात मागे पडलेली आढळली. बाळंतिणीला डिंकाचे लाडू, शेकशेगडी, तेलमालीश सारे यथासांग मिळते. तिला झोप लागते का, रडू येते का, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

तिची अवस्था ध्यानात आली की घरची मंडळी मूल आत्याकडे वा आजीकडे सोपवतात. हेतू चांगला असतो. पण आईचा उरलासुरला आत्मविश्वासही त्याने जातो. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २००९ साली सुरू झालेल्या माता-बाल कक्षाची रीत निराळी आहे. तिथे आजारी मातेसह तान्ह्या बाळालाही ठेवून घेतात. औषधोपचारांच्या जोडीला बाळाची खूण ओळखून तिला प्रतिसाद देणे आई हळूहळू पुन्हा शिकते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही हेच तत्त्व मानले आहे. उपचारांसाठी दाखल असलेल्या स्त्रीपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः वेगळे करता येत नाही. बाळाला धोका असल्यास ते तात्पुरते दूर ठेवता येते; मात्र तेव्हाही देखरेखीखाली मायलेकरांची भेट चालू ठेवावी लागते आणि त्या निर्णयाचा दर पंधरा दिवसांनी फेरविचार करावा लागतो.