ठोकळ्यांची उंबरखिंड



दिवाळी आठ दिवसांवर आली की आपल्याकडच्या पोरांचे हात चिखलाने माखू लागतात. अंगणाच्या कोपऱ्यात दगडविटा रचल्या जातात, त्यांवर ओले गोणपाट पडते, वरून मातीचा गिलावा होतो, अळीव पेरले जातात आणि पाहता पाहता त्या ढिगाचा गड होतो. माथ्यावर सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज बुरुजाच्या दुप्पट उंच असतात, गुहेतला वाघ गुहेपेक्षा मोठा असतो, आणि ज्या दरवाज्याने मावळ्याने आत शिरायचे त्यातून त्याचे पागोटेसुद्धा जाणार नाही. पण त्याबद्दल कोणी तक्रार केलेली मी तरी ऐकली नाही. पाहणारा त्या गडाकडे पाहतो तेव्हा मोजमाप पाहत नाही, गोष्ट पाहतो.

आज ज्या खेळाविषयी मी बोलणार आहे तो या किल्ल्याचाच परदेशातला चुलतभाऊ समजा. त्याचे नाव माइनक्राफ्ट. स्वीडनमधल्या मार्कुस पेर्सन नावाच्या गृहस्थाने २००९ साली तो प्रथम लोकांपुढे ठेवला. २०११ च्या नोव्हेंबरात तो पूर्ण स्वरूपात बाहेर पडला, २०१४ साली मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी कंपनी अडीचशे कोटी डॉलरांना विकत घेतली, आणि २०२३ पर्यंत त्याच्या तीस कोटींहून अधिक प्रती खपल्या. खेळ म्हणाल तर अगदी साधा. पडद्यावर एक जग असते, ते घनाकृती ठोकळ्यांचे. मातीचा ठोकळा, दगडाचा ठोकळा, लाकडाचा, पाण्याचा. आणि प्रत्येक ठोकळा एक मीटर लांब, रुंद, उंच. फोडायचा, उचलायचा, हवा तिथे रचायचा. घर बांधा, पूल बांधा, नाहीतर डोंगर पोखरा.

आता यात नुसते बांधणे ही एक गोष्ट झाली, आणि दुसऱ्याने चालावे म्हणून बांधणे ही निराळी. या दुसऱ्या प्रकाराला साहसाचा नकाशा म्हणतात. एकाने जग रचून ठेवायचे आणि दुसऱ्याने त्यात उतरून, वाट काढीत, माणसांना भेटत एक गोष्ट जगायची. २०१२ साली या खेळात दोन सोयी आल्या, त्यांनी हे काम सोपे केले. एक सोय अशी की त्या रीतीने खेळताना खेळणाऱ्याला हवा तो ठोकळा हवा तेव्हा फोडता येत नाही; नाहीतर खिंडीतून जाण्याऐवजी तो डोंगरालाच भोक पाडील! दुसरी म्हणजे आज्ञेचा ठोकळा. त्यात लिहून ठेवायचे की, खेळणारा अमुक जागी आला म्हणजे म्हाताऱ्याने हे बोलावे, तमुक दार उघडावे, रात्र व्हावी. झाले. बाकी सगळे कसब रचणाऱ्याचे.

हे कसब कशात आहे, यासाठी एक उदाहरण सांगतो. २०१४ साली डेन्मार्कच्या सरकारी भूमापन खात्याने आपला सबंध देश या खेळात एकास एक मापाने उतरवला. रस्ते, घरे, टेकड्या, सारे जिथल्या तिथे. काम अचाट होते यात शंका नाही. पण काही आठवड्यांत काही खेळणाऱ्यांनी त्यातल्या इमारती सुरुंगाने उडवायला सुरुवात केली. त्यांना नावे ठेवली गेली. मला मात्र त्यात नवल वाटत नाही. एवढा मोठा देश पायाखाली दिला आणि तिथे काय करायचे ते सांगितले नाही, तर रिकामे हात काहीतरी उद्योग करणारच. माप होते, गोष्ट नव्हती.

गोष्ट म्हणजे जागोजाग पाट्या लावणे नव्हे. शाळेतली मुले पहिल्यांदा असा नकाशा करतात तेव्हा दर दहा पावलांवर पाटी असते : 'येथे अमुक लढाई झाली.' 'पुढे जा.' 'सावधान.' खेळणारा दोन पाट्या वाचतो, तिसरी वाचत नाही. गोष्ट जमिनीने सांगायला हवी; चढाने, वळणाने, पाण्याने, अंधाराने. आणि ही विद्या शिकायला स्वीडनला जाण्याचे कारण नाही. मळवलीला उतरून लोहगड चढा. २०२५ साली ज्या बारा दुर्गांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली त्यांत हा एक. गणेश, नारायण, हनुमान आणि शेवटी महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक आहेत, आणि वाट अशी वळवलेली आहे की पहिल्या दरवाज्यात शिरणाऱ्याला वाटावे, गड आला. गड आलेला नसतो. पुढचे वळण आलेले असते, आणि वरचा पहारेकरी मात्र त्याला सारा वेळ पाहत असतो. हे बांधणाऱ्याने एकही पाटी लावलेली नाही. येणाऱ्याच्या मनात कोणत्या पावलाला काय येईल एवढे त्याने ओळखले होते. साहसाचा नकाशा रचणाऱ्यालाही दुसरे काही ओळखायचे नसते.

आता प्रत्यक्ष नकाशा घेऊ. माझ्या मते लोणावळ्याच्या परिसरात या कामासाठी उंबरखिंडीसारखी दुसरी जागा नाही. हकिगत आपल्याला ठाऊक आहे. शाहिस्तेखान पुण्यात तळ देऊन बसला होता. त्याने कारतलबखानाला कोकणात उतरण्यासाठी पाठवले. त्याच्याबरोबर माहूरची रायबागन होती. फौज लोणावळ्याच्या बाजूने कुरवंड्याला आली आणि नागफणीच्या अंगाने घाट उतरू लागली. खाली दाट रानात वाट इतकी अरुंद होत गेली की एवढ्या सैन्याची एक लांबलचक ओळ झाली. पुढची वाट अडवलेली, मागची अडवलेली, दोन्ही बाजूंच्या झाडीत मावळे. १६६१ च्या फेब्रुवारीच्या आरंभीची ही घटना. तहानेने आणि माऱ्याने फौज हैराण झाली, रायबागनने खानाला शरण जाण्याचा सल्ला दिला, खानाने खंडणी कबूल केली आणि महाराजांनी त्याला जाऊ दिले. कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारता'त हा प्रसंग वर्णिलेला आहे, तो शिक्षकांनी अनुवादातून का होईना मुद्दाम वाचावा. खिंडीची जागा आज रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यातल्या चावणी गावाजवळ येते. तिथे स्मारकही आहे.

पाहा, या लढाईत खरा सेनापती कोण? महाराज तर खरेच. पण त्यांच्या हाताखाली सह्याद्री होता. म्हणजे ज्या खेळात जमिनीनेच गोष्ट सांगायची, त्याला ही जागा जणू नेमून दिल्यासारखी.

पहिला प्रश्न असा येतो की खेळणाऱ्याने कोण व्हायचे? मुलांना विचारले तर दहांतली नऊ म्हणतील, महाराज. मला ते रुचत नाही. महाराजांना उड्या मारायला लावणारी कळ पोराच्या बोटाखाली द्यावी, हे बरे दिसत नाही, हा एक भाग. पण त्याहून मोठी अडचण अशी की महाराजांना पुढचे सगळे ठाऊक आहे, आणि ज्याला सगळे ठाऊक त्याच्या वाटेवर गोष्ट उरत नाही. बरे, झाडीतला मावळा व्हावे? तो बिचारा इशाऱ्याची वाट पाहत दगडामागे बसून राहणार. खेळणारा दुसऱ्या मिनिटाला कंटाळेल.

माझे मत असे की खेळणाऱ्याने खानाच्या फौजेबरोबर चालावे. म्हणजे खान व्हावे असे नव्हे. मावळातल्या एखाद्या गावातून ओझे वाहायला धरून आणलेले एक पोर व्हावे. डोक्यावर गाठोडे, मागे पुढे परके शिपाई, आणि पायाखाली स्वतःची ओळखीची वाट. घाट उतरू लागल्यावर शिपायांच्या पखाली रिकाम्या होत जातात. जमादार विचारतो, "ए पोरा, पाणी कुठाय हितं?" आणि पोराला झरा माहीत आहे. सांगावा की न सांगावा? शेजारी एक म्हातारा शिपाई तहानेने बसकण मारतो आहे. तोही कुणाचा तरी बाप. झाडीत शीळ घुमते ती पाखराची नाही, हेही पोराला कळते आहे. ते कोणाला सांगावे?

इथे शिक्षक मला अडवतील. मुलाने झरा दाखवला, इशारा दिला, आणि खान निसटला तर? इतिहास बदलला की! नाही, तो बदलू द्यायचा नाही. पोर काहीही म्हणो, एवढी मोठी फौज त्या वाटेवर मागे वळू शकत नाही. हेच तर त्या जागेचे मर्म आहे. शीळ ऐकल्याचे त्याने सांगितले तर जमादार हसेल, किंवा चाबूक उगारील. फौज चालतच राहील. खिंडीचा शेवट ठरलेला आहे. पोराचा शेवट ठरलेला नाही. त्या म्हाताऱ्याला पाणी मिळाले की नाही, पोराला पहाऱ्यात चालावे लागले की मोकळे, घरी परतताना त्याच्याबरोबर कोण होते, एवढे खेळणाऱ्याच्या हाती द्यावे. मात्र आरंभीच एका पाटीवर स्वच्छ लिहावे (ही एक पाटी मी चालवून घेईन) की हे पोर आम्ही कल्पिलेले आहे. खान, रायबागन, खिंड आणि खंडणी खरी आहे. मनाची भर घातली तर कुठे घातली हे सांगायचे, ही सवय मुलांना जितकी लवकर लागेल तितकी बरी.

आता मापाचे दुखणे. लोणावळे समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरांवर आहे. माइनक्राफ्टच्या जगात समुद्रापासून आभाळाच्या छतापर्यंत जेमतेम अडीचशे ठोकळे रचता येतात. म्हणजे घाट जसाच्या तसा मावत नाही. डोंगराची उंची चतुर्थांश करावी. पण वाट चतुर्थांश करू नये. खेळातला माणूस सेकंदाला चार मीटरांहून थोडे अधिक चालतो, म्हणजे किलोमीटर चार मिनिटांत तोडतो. वाट आखडली तर खानाची फौज चहा निवायच्या आत कोकणात पोचेल! तेव्हा वाटेला वळणे द्यावीत. झाडे मात्र पुरी उंच ठेवावीत, आणि खिंड एक माणूस जाईल इतकीच रुंद. डोंगर लहान आणि झाडी मोठी, हे खोटे नाही का? खोटेच, पण बुरुजाच्या दुप्पट उंचीचे महाराज आपण इतकी वर्षे अंगणात बसवतोच आहोत. आणखी एक. या खेळात सारा दिवस आणि रात्र मिळून वीस मिनिटांत उरकते. आज्ञेने सूर्य थांबवावा आणि आपल्याला हवा तेव्हाच ढळू द्यावा, नाहीतर ऐन खिंडीत रात्र होऊन सगळा विचका होईल.

खेळणाऱ्याला वाटेवर ठेवण्यासाठी अदृश्य भिंती घालण्याचीही सोय या खेळात आहे. ती वापरू नये. मोकळ्या रानात कपाळ आपटले की गोष्ट तिथेच फुटते. एकीकडे कडा, एकीकडे करवंदीची जाळी. सह्याद्री स्वतःच माणसाला वाटेवर ठेवतो.

आणि यासाठीच आधी प्रत्यक्ष वाट पाहायला हवी. पावसाळ्यात मुळीच नको, आपल्या घाटांचा पाऊस खेळण्यातला नाही. दिवाळीनंतर, गावातल्या जाणत्या माणसाला बरोबर घेऊन जावे. जाताना वर्गातला असा मुलगा शोधावा की जो शाळा बुडवून गुरे राखायला जातो. त्याला गणित येत नसेल, संगणकाची कळ कुठे दाबायची हेही माहीत नसेल. पण मार्चमध्ये कोणत्या झऱ्याला पाणी असते, कुठल्या कड्यावरून हाक मारली की खाली ऐकू येते, वानरे कधी ओरडतात, हे तो सांगेल. हे ज्ञान आपल्या शाळेत आजवर कोणी विचारलेले नाही, आणि डोंगर विकले जात आहेत तसे ते विचारण्यासारखी माणसेही कमी होत आहेत. या कामात मात्र तो मुलगा मुख्य कारागीर आणि बाकीचे त्याचे हातमदतनीस. मी दोन ठिकाणी हे पाहिले आहे. मागच्या बाकावरचा पोरगा पुढे येऊन, "गुर्जी, तिथं ऊन येत न्हाई, तिथं श्यावाळ दाखवा," असे ठणकावून सांगतो तेव्हा ऐकत राहावेसे वाटते.

खर्चाची काळजी असेल तर सांगतो. लुआंटी नावाचा असाच एक ठोकळ्यांचा खेळ आहे. फिनलंडमध्ये २०१० साली तो सुरू झाला, २०२४ पर्यंत त्याला माइनटेस्ट म्हणत. तो फुकट मिळतो, जुन्या संगणकावरही चालतो, आणि त्याच्या जगात वर आणि खाली सुमारे ३१,००० ठोकळ्यांपर्यंत जाता येते. म्हणजे तिथे घाट पुऱ्या उंचीचाही करता येईल. शाळेत एकच संगणक असला तरी चालते. दोघे रचतात, दोघे कागदावर वाट काढतात, दोघे संवाद लिहितात. संवाद मात्र घरच्या बोलीत असावेत, आणि दोन वाक्यांपेक्षा लांब नसावेत.

शेवटच्या दृश्याबद्दल मुलांत भांडण होईल. कुणाला तोफा हव्यात, कुणाला खजिन्याची पेटी. मी खानाच्या शिपायांची ओळ दाखवीन. हत्यारे खाली ठेवून रिकाम्या हातांनी खिंडीबाहेर पडणारी, अंबा नदीच्या पात्रात गुडघे टेकून पाणी पिणारी. गाठोडे टाकून दिलेले ते पोर तिथेच उभे असते, आणि मागे चढणीची वाट मोकळी असते.

नकाशा पुरा झाला की ज्याला ही हकिगत ठाऊक नाही अशा दुसऱ्या गावच्या मुलाला संगणकापुढे बसवावे, आणि सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावून मागे उभे राहावे. तो कुठे थांबतो, कुठे मागे वळतो, कुठे जांभई देतो ते वहीत टिपावे. "आता कुठं जायचं?" असे त्याने विचारले तर सांगू नये. तो जिथे अडला तिथली माती दुसऱ्या दिवशी बदलावी, आणि आणखी एका मुलाला बोलवावे.