जाहिरात, यश आणि उद्योजकाचे मनःस्वास्थ्य

भंडारा जिल्ह्यातील आठवड्याचा बाजार ज्याने पाहिला आहे त्यास जाहिरात म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. पितळी भांड्यांचा विक्रेता घागर उचलतो, बोटाने तिच्यावर टिचकी मारतो आणि तिचा नाद गिऱ्हाइकाच्या कानी घालतो. मोहाडी-आंधळगावकडचा कोष्टी कोशाच्या वस्त्राची घडी मोडून ते समोरच्याच्या हाती देतो. गिऱ्हाईक पोत चिमटीत धरून पाहते, काठ उलटून पाहते, मग भावाची गोष्ट निघते. मालाची स्तुती आणि मालाची परीक्षा ह्या दोन्ही क्रिया तेथे एकाच वेळी होतात. गावच्या दवंडीने लोकांस वार्ता कळे; दवंडी ऐकून घागर मात्र कोणी विकत घेत नसे.

आज तोच माल हाताएवढ्या काचेवर मांडला जातो. ह्या ऑनलाइन जाहिरातीचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील ‘हॉटवायर्ड’ ह्या संकेतस्थळावर २७ ऑक्टोबर १९९४ रोजी जे फलक झळकले, त्यांपासून तो मोजण्याचा प्रघात आहे. त्यांपैकी एका दूरध्वनी कंपनीच्या फलकावर, पाहणाऱ्या दर शंभरांपैकी चव्वेचाळीसांनी टिचकी मारली असे सांगतात. नवलाईचे नऊ दिवस! लोकांची नजर लवकरच सरावली आणि फलकांवरून घसरू लागली. पुढे १९९८ मध्ये ‘गो-टू’ नावाच्या कंपनीने जागेचा लिलाव मांडला: जो अधिक बोली देईल त्याचे नाव वर, आणि पैसे टिचकी पडेल तेव्हाच द्यावयाचे. ऑक्टोबर २००० मध्ये गूगलने आपला जाहिरातविभाग उघडला व थोड्याच काळात तोही ह्याच मार्गास लागला. आता कोणी काही शोधावयास बसला की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच असा लिलाव होऊन जातो. त्यात केवळ बोलीची रक्कमच नव्हे, तर जाहिरात शोधणाऱ्याच्या गरजेशी कितपत जुळते, हेही यंत्र जोखते.

एक भेद येथे ध्यानी घ्यावा. पितळेवरील टिचकी मालाची परीक्षा घेते. काचेवरील टिचकी कसलीच परीक्षा घेत नाही. ती पडताच व्यापाऱ्याच्या खात्यातून पैसे मात्र जातात. गिऱ्हाईक आत येऊन रिकाम्या हाताने परतले तरी तो खर्च झालाच.

ह्या नव्या व्यवहाराचा व्यापाऱ्याच्या मनावर होणारा परिणाम हा पैशाच्या हिशेबाहून गंभीर प्रश्न होय. पूर्वीचा दुकानदार रात्री गल्ला मोजी, वही मिटी आणि घरी जाई. ह्या धंद्याची वही मिटतच नाही. किती जणांनी पाहिले, किती थांबले, किती परतले, ह्यांचे आकडे क्षणोक्षणी पुढे येतात. जेवताना ते पाहावेत, झोपमोड करून पाहावेत, आकडा चढला की जीव सुपाएवढा व्हावा आणि उतरला की चूर व्हावा, अशी अवस्था अनेक होतकरू उद्योजकांची होते. माल खपला नाही, ह्याचे दुःख एक. आणि आपल्याकडे कोणी पाहिले नाही, ह्याचे दुःख दुसरे. ह्या जाहिरातीने दोन्हींची गाठ घातली आहे. ज्या तरुणाने कोठे अपमान सोसून नोकरी सोडली, भागीदाराकडून फसवणूक पाहिली, आणि यशाने तो घाव भरून निघेल अशा आशेने धंदा काढला, त्याच्या घावावरील खपली हे आकडे नित्य काढीत राहतात.

अशा माणसापुढे ठेवण्याजोगे एक चरित्र महाराष्ट्रात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु दोन वर्षांनी असे आढळले की त्यांस काही रंगांतील भेदच ओळखू येत नाही. ह्या दोषावर औषध नव्हते. रंग सुटले, रेषा राहिली. यांत्रिक रेखांकनाच्या बळावर ते व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिक्षक झाले. तेथे हक्काची बढती त्यांस डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थास मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली व ते बेळगावी बंधू रामूअण्णांबरोबर सायकलींच्या दुकानात उभे राहिले. अपमानाने माणूस एक तर कडवट होतो, नाही तर कामाला लागतो. लक्ष्मणराव कडबा कापण्याचे यंत्र करू लागले, आणि त्यानंतर लोखंडी नांगर.

त्या नांगराची कथा जाहिरातीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावी अशी आहे. लोखंडाने जमिनीत विष भिनते, ही त्या काळच्या शेतकऱ्याची दृढ समजूत होती. पहिला नांगर विकला जावयास दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांत आजच्यासारखा आकड्यांचा फलक लक्ष्मणरावांपुढे असता, तर तो अखंड शून्य दाखवीत राहिला असता! परंतु ते शून्य त्यांच्या नांगराची किंमत नव्हती, आणि त्यांची स्वतःची तर नव्हतीच. ते शेतकऱ्याच्या भीतीचे माप होते. ती भीती छापील शब्दाने जाणारी नव्हती. लोखंडी फाळ गेलेल्या जमिनीत पीक उभे राहिलेले दिसल्यावाचून ती जाणे शक्यच नव्हते.

पुढे १९१० मध्ये बेळगावच्या नगरपालिकेस वसाहतीकरिता जागा हवी झाली आणि कारखाना उठवावा लागला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी कुंडल रोड स्थानकानजीक निवडुंग माजलेली, सापांनी भरलेली बत्तीस एकर जमीन दिली. तीच किर्लोस्करवाडी. गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या माणसांस लक्ष्मणरावांनी तेथे रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. ज्यांची कोठेच पत उरली नव्हती त्यांच्या हाती त्यांनी कारखान्याची राखण सोपवली. स्वतः डावलला गेलेला माणूस दुसऱ्यास किती निराळ्या रीतीने वागवू शकतो, ह्याचा हा पुरावा होय.

जाहिरातीचे काम त्यांचे पुतणे शंकरराव ह्यांनी हाती घेतले. पंडित सातवळेकरांपाशी चित्रकला शिकलेला हा तरुण; काकांस न दिसणारे रंग पुतण्याच्या हाती होते, हा योग मोठा चमत्कारिक. शंकररावांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र काढले ते मूळ कारखान्याच्या व मालाच्या प्रसिद्धीकरिताच. परंतु लवकरच त्यात वाचकाच्या उपयोगाचा मजकूर मालाच्या स्तुतीहून अधिक जागा घेऊ लागला. १९२९ पासून त्याचे नाव नुसते ‘किर्लोस्कर’ झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे त्यास मिळाली. नांगर ज्यांच्या घरी कधीच जावयाचा नव्हता अशा पांढरपेशा घरांतही किर्लोस्करांचे नाव आदराने घेतले जाऊ लागले. वाचकाचा वेळ हिसकावून घेणारी जाहिरात आणि त्याच्या वेळाचा मोबदला देणारी जाहिरात ह्यांत किती अंतर आहे, हे ह्या मासिकांवरून दिसते.

१९४८ मध्ये, गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत, किर्लोस्करवाडीस आग लावण्यात आली. लक्ष्मणराव तेव्हा ऐंशीच्या घरात होते. कारखाना पुन्हा उभा राहिला. लक्ष्मणराव १९५६ मध्ये निवर्तले. आग लागली त्या दिवशी त्यांच्या नावाच्या प्रसिद्धीत तिळमात्र उणेपणा आला नव्हता, आणि तरीही त्या प्रसिद्धीने एक वीटही वाचवली नाही. जे पुन्हा उभारले गेले ते कारागिरांच्या हातांनी.

आजच्या उद्योजकाची अडचण आणखी एका प्रकारे वाढली आहे. आकड्यांनी थकलेल्या ह्या माणसास त्याच काचेवर दुसरा विक्रेता गाठतो आणि मनःशांती विकू पाहतो: सात दिवसांत चिंता नाहीशी, एकवीस दिवसांत आत्मविश्वास. रोगांवरील चमत्कारिक उपायांच्या जाहिरातींस आळा घालणारा कायदा आपल्याकडे १९५४ पासून आहे. तथापि रोगाचे नावच न घेता ‘यशस्वी मन’ विकणारा त्याच्या कक्षेत सहसा सापडत नाही. जखम करणारा आणि मलम विकणारा एकाच दारातून यावेत, हे बाजाराचे मोठेच कौशल्य! ज्याची झोप खरोखर उडाली आहे, ज्यास जगणे नकोसे वाटते, त्याने जाहिरातीचा मार्ग न धरता वैद्यकीय मार्ग धरावा. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस व विनामूल्य चालू आहे.

राहिला भंडाऱ्याच्या कोशाचा प्रश्न. ऐन आणि अर्जुन ह्या झाडांवर टसराचे किडे पोसले जातात. हे काम जिल्ह्यातील ढिवर कुटुंबे करीत आली आहेत. कोशापासून सूत, सुतापासून करवती काठाचे लुगडे, हा सारा खटाटोप मुंबईच्या गिऱ्हाइकास काचेवर दिसत नाही. त्यास दिसतो एक पिवळसर रंग, जो कृत्रिम धाग्यासही देता येतो. म्हणजे लोखंडी नांगराच्या वेळची भीती येथे निराळ्या रूपाने उभी आहे. तिच्यावर बोली वाढवून उपाय होणार नाही. ऐनाच्या पानाआडचा कोश, मागावर बसलेला विणकर, करवतीचे दाते विणले जाताना, हे जसेच्या तसे दाखवावे. शुद्ध रेशमाकरिता २००४ पासून ‘सिल्क मार्क’ आणि हातमागाकरिता २००६ पासून ‘हँडलूम मार्क’ अशी दोन निरनिराळी चिन्हे आहेत. पहिले धाग्याची हमी देते, दुसरे मागाची, आणि गिऱ्हाइकास हा भेद ठाऊक नसतो, तो सांगावा. लुगड्याबरोबर वीतभर सूत निराळे पाठवावे आणि ते जाळून पाहण्यास सांगावे: खऱ्या रेशमास केस जळल्यासारखा वास येतो व त्याची राख बोटाने चुरली जाते, कृत्रिम धागा वितळून त्याची कठीण गोळी होते. पितळेच्या घागरीवर टिचकी मारू देणाऱ्या विक्रेत्याच्या गावी ही रीत कोणास नवी वाटण्याचे कारण नाही.