गाणं तिचं, रेडिओ कुणाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी एका अमेरिकन गायिकेच्या पहिल्या अल्बमबद्दल बोलणार आहे. पोटगी, रेशन, मारहाण या आपल्या रोजच्या प्रश्नांशी याचा काय संबंध, असं काहीजणींच्या मनात येईल. बाईनं तोंड उघडावं म्हणून आपण झटतो. पण ती बोलल्यावर तिचा आवाज कुठवर जाऊ द्यायचा, हे कोण ठरवतं? या अल्बमची हकिगत त्याबद्दलची आहे.

'कंट्री' हे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या शेतकरी-कामगारांत वाढलेलं संगीत. नॅशव्हिल शहर ही त्याची बाजारपेठ. घर, चर्च, दारू, नवरा-बायको हे त्याचे विषय. त्यात बायका पूर्वीपासून सडेतोड गात आल्या. १९५२ साली किटी वेल्सनं 'बिघडलेल्या' बायकांच्या दोषात पुरुषांचाही वाटा आहे, असं गाऊन दाखवलं आणि ते गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. १९७५ साली लोरेटा लिननं गर्भनिरोधक गोळीवर गाणं काढलं. अनेक रेडिओ केंद्रांनी ते लावायला नकार दिला. पंधराव्या वर्षी लग्न झालेली, विशीतच चार मुलांची आई असलेली ही बाई काय म्हणते, ते ऐकणाऱ्या बायकांना मात्र नेमकं कळलं.

केसी मस्ग्रेव्ह्ज याच परंपरेतली. जन्म १९८८चा, टेक्सासमधल्या गोल्डन या छोट्या गावची. मोठ्या कंपनीतर्फे तिचा पहिला अल्बम मार्च २०१३मध्ये निघाला. नाव 'सेम ट्रेलर डिफरंट पार्क'. ट्रेलर म्हणजे जागेवरून हलवता येणारं स्वस्त घर. गरीब कुटुंबं अशा घरांच्या वस्तीत राहतात. वस्ती बदलली तरी घर तेच, असा नावाचा अर्थ.

गाणीही तशीच. एकात लहान गावातली लवकर होणारी लग्नं आहेत, आणि वरून सगळं छान दिसणाऱ्या घरात जो तो कशाच्या तरी नादी लागलेला आहे. एकात हॉटेलातल्या वाढपी बायका सिगारेटच्या सुटीत नोकरी सोडण्याच्या गप्पा मारतात आणि पुन्हा कामाला लागतात. 'फॉलो युअर ॲरो' या गाण्यात बाई कशीही वागली तरी लोक नावं ठेवतातच, तेव्हा आपल्या मनाप्रमाणे जगावं, असं सांगितलंय. मुलीनं मुलीवर प्रेम केलं तरी चालेल, हेही त्यात आहे. कंट्रीच्या दुनियेत हे धाडसच होतं.

अल्बम कंट्रीच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला. जानेवारी २०१४मध्ये त्याला सर्वोत्तम कंट्री अल्बमचं ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'फॉलो युअर ॲरो'ला कंट्री संगीत संघटनेनं वर्षातलं उत्तम गाणं ठरवलं. आणि तेच गाणं कंट्री रेडिओवर पहिल्या चाळिसातसुद्धा पोचलं नाही! लोकांनी विकत घेतलं, जाणकारांनी गौरवलं, रेडिओनं दार लावून घेतलं.

हे एकटीचं दुर्दैव नव्हे. मे २०१५मध्ये कीथ हिल या रेडिओ सल्लागारानं उघडच सांगितलं, की श्रोते टिकवायचे तर बायकांची गाणी कमी करा. कोशिंबिरीत पाला म्हणजे पुरुष, बायका म्हणजे वरचे टोमॅटो, अशी उपमाही दिली. एका बाईपाठोपाठ दुसरीचं गाणं लावू नये, हा तर जुना रिवाजच. १९९६च्या कायद्यानं एका कंपनीनं देशभरात किती केंद्रं घ्यावीत यावरची मर्यादा उठवली. मूठभर कंपन्यांनी शेकडो केंद्रं घेतली आणि काय वाजवायचं हे थोडीच माणसं ठरवू लागली. कॅनडातल्या अभ्यासक जाडा वॉटसन यांनी वर्षअखेरीचे आकडे तपासले. कंट्री रेडिओवर बायकांच्या गाण्यांचा वाटा २०००मध्ये सुमारे ३३ टक्के होता. २०१८मध्ये ११ टक्के उरला. म्हणजे काळाबरोबर आपोआप सुधारणा होते, हा समज खोटा.

काळ्या गायिकांची वाट आणखी बिकट. मिकी गायटनला नॅशव्हिलच्या कंपनीनं २०११मध्ये करारबद्ध केलं. तिचा पहिला पूर्ण अल्बम यायला २०२१ उजाडलं.

केसी पुढे गेली. २०१८च्या तिच्या अल्बमला सगळ्या प्रकारच्या संगीतातून वर्षाचा सर्वोत्तम अल्बम म्हणून ग्रॅमी मिळालं. त्याचा आनंद आहेच. पण 'बघा, एक बाई पोचली ना' असं म्हणून बाकीच्यांना दाराबाहेर ठेवता येतं. गावात एक बाई सरपंच झाली की 'आता बायकांना काय कमी?' हे आपणही ऐकतोच.

म्हणून एखादीचा सत्कार करताना आपण आणखी एक चौकशी करायला हवी. यादी कोण करतं? त्या टेबलाशी किती बायका बसतात? आणि एकीनंतर लगेच दुसरीला बोलू देतात का? आपल्या सभांपासूनच ही मोजणी सुरू करूया.