लाइट आली, पण नेट का रांगतंय?



आज हप्त्याचा आणि बचतीचा विषय बाजूला ठेवू. आज बोलायचं आहे घरातल्या वायफायच्या डब्याबद्दल. हसू नका, हा विषयही गटाचाच आहे. गटाची बचत, कर्ज, हजेरी आता मोबाईलमध्ये भरावी लागते. ई-पीक पाहणीचा फोटो चढवावा लागतो. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी करायला बसलं, की चक्र गोल गोल फिरत राहतं आणि तोवर ओटीपी शिळा होतो. मग तालुक्याच्या सेवा केंद्रावर जायचं. १७ मार्च २०२३ पासून एसटीचं तिकीट आपल्याला निम्मं झालं खरं, पण बुडालेल्या दिवसाची मजुरी कोण देणार?

आणि हे नेमकं कधी होतं? लाइट जाऊन आल्यावर. भोकरदन असो की मंठा, घनसावंगी असो की परतूर, वळवाचं वारं सुटलं की आधी लाइट जाते. दोन-तीन तासांनी येते. डब्यावरचे दिवे लुकलुकतात, मोबाईलवर वायफायची खूणही दिसते, पण नेट मात्र रांगतं. अशा वेळी घाबरून माणूस बोलवायची गरज बहुतेकदा नसते. दोष कुठे आहे, एवढं आपल्याला शोधता आलं पाहिजे. कारण दोष बहुधा दोन ठिकाणी असतो: बाहेरून डब्यापर्यंत येणाऱ्या लाइनमध्ये, नाहीतर डब्यापासून मोबाईलपर्यंतच्या वायफायमध्ये.

ते ओळखायचं असं. घरातल्या बाकी सगळ्या मोबाईलचं आणि टीव्हीचं वायफाय बंद करा. एकच मोबाईल घ्या, त्याचा मोबाईल डेटा बंद करा, म्हणजे गफलत होणार नाही. डब्याजवळ दोन-तीन हातांवर उभ्या राहा आणि वेग मोजा. त्यासाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाचं, म्हणजे ट्रायचं, 'मायस्पीड' नावाचं ॲप आहे. मग स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा मोजा. डब्याजवळ वेग चांगला आणि चुलीजवळ कमी, तर दोष वायफायचा. डब्याजवळही कमी, तर बहुधा दोष लाइनचा किंवा डब्याचा. आकडा वाचताना एक लक्षात ठेवा. ४० एमबीपीएसचा प्लॅन म्हणजे सेकंदाला ४० एमबी नव्हे, आठाने भागायचं, म्हणजे ५ एमबी. पुष्कळ जणींना इथंच वाटतं की आपल्याला फसवलं.

आता मोजण्याआधीचं एक काम. लाइट आल्या आल्या पाच-दहा मिनिटं थांबायचं. डबा चालू झाला की बाहेरच्या लाइनशी आपली ओळख पटवतो, त्याला वेळ लागतो. शिवाय तुमच्या घरातली लाइट गेली तेव्हा गावातल्या किंवा पलीकडच्या गावातल्या ज्या यंत्रातून लाइन येते, तिथलीही गेली असेल. ते यंत्र अजून उठलं नसेल तर तुम्ही काय करणार? शेजारच्या वहिनींना हाक मारून विचारा, "तुमचं नेट कसं चाललंय?" त्यांचंही रांगत असेल तर आपला डबा निर्दोष.

घरातलंही एक कारण आहे. दोन-तीन तास बंद असलेलं नेट आलं, की सगळे मोबाईल एकदम जागे होतात. पोरांच्या मोबाईलमधले फोटो वर चढायला लागतात, टीव्ही स्वतःला अपडेट करत बसतो, कॅमेरा असेल तर तोही लाइन अडवतो. पाण्याचा टँकर आल्यावर सगळ्यांनी एकदम घागरी लावाव्यात, तसं होतं. ज्याचं काम महत्त्वाचं त्याला आधी, बाकीच्यांचं वायफाय अर्धा तास बंद. हे ऐकून पोरं तोंड वाकडं करतील, करू द्या.

आता वायफायचा दोष. नव्या डब्यांतून बहुधा दोन वायफाय निघतात. एकाला २.४ म्हणतात, दुसऱ्याला ५. यादीत कधी दोन नावं दिसतात, कधी दोन्ही एकाच नावात असतात. ५ म्हणजे आपला समृद्धी महामार्ग, वेगवान. पण भिंती आल्या की दम तोडतो, आणि आपल्याकडच्या दगडामातीच्या जाड भिंती तर विचारूच नका. २.४ म्हणजे पांदण रस्ता, हळू, पण शेतापर्यंत पोचणारा. लाइट आल्यावर मोबाईल बऱ्याचदा २.४ ला चिकटतो आणि डब्याजवळ बसलं तरी तिथंच राहतो. मोबाईलचं वायफाय बंद करून पुन्हा चालू करा, दोन नावं असतील तर ५ चं निवडा. शिवाय सगळ्या घरांतले डबे एकाच वेळी सुरू होतात, तेव्हा शेजारशेजारचे डबे एकाच वाटेवर येऊन गर्दी करतात. डबा एकदा बंद करून पुन्हा चालू केला, की तो दुसरी वाट शोधू शकतो.

बंद-चालू करणं म्हणजे काय, हे मात्र नीट ऐका. बटण किंवा प्लग काढायचा, अर्धा मिनिट थांबायचं, परत लावायचा. बस. डब्याच्या मागे एक बारीक भोक असतं, त्यात पिन किंवा काडी घालायची नाही. ते रीसेटचं बटण. ते दाबून धरलं की डबा कारखान्यातून आला तसा कोरा होतो. वायफायचं नाव, पासवर्ड तर जातोच, पण बऱ्याच डब्यांत लाइनसाठी कंपनीने भरलेलं नाव आणि पासवर्डही पुसला जातो. मग नेट हळू नाही, पूर्ण बंद. "मोबाईल बिघडला की रीसेट मारतात, तसंच हे" असं सांगणारा एखादा हुशार भाऊ प्रत्येक वाड्यावर असतो. त्याला चहा पाजा, डब्याला हात लावू देऊ नका.

डब्याच्या दिव्यांकडे बघा. फायबरच्या डब्यावर पी.ओ.एन. लिहिलेला दिवा स्थिर असावा. एल.ओ.एस. चा लाल दिवा लागला तर बाहेरून प्रकाशच येत नाही. वायर तुटली असेल, किंवा कपाट सरकवताना दुमडली असेल. फायबरच्या आत काच असते, ती खिळ्याला गुंडाळायची वस्तू नाही. डबा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल तर ॲडॅप्टर बघा. लाइट येताना होल्टेज एकदम चढलं की पहिला तोच मार खातो. दुसरा लावायचा तर त्यावरचे व्होल्ट जुन्याइतकेच हवेत आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त. कुठल्याही जुन्या डबीचा ॲडॅप्टर नको.

म्हणून लाइट गेली की डब्याचा प्लग काढून ठेवायचा, आणि आल्यावर पाच मिनिटांनी लावायचा. विजा कडाडत असतील तर प्लगला हात लावायचाच नाही, आभाळ गडगडायला लागायच्या आधीच काढायचा. राउटरसाठी छोटी बॅटरी मिळते, तिला मिनी यूपीएस म्हणतात. ज्या घरी गटाचं काम चालतं तिथं ती घ्यायला हरकत नाही. डब्याचे आणि तिचे व्होल्ट जुळतात का ते आधी बघायचं.

एवढं करूनही डब्याजवळ वेग कमीच असेल, तर आधी प्लॅनचा डेटा संपलाय का ते बघा. पुष्कळ प्लॅनमध्ये ठरलेला डेटा संपला की वेग आपोआप उतरतो, आणि योगायोगाने तो दिवस लाइट जाण्याचाच निघतो. २०२३ पासून सरकारी व्याख्येप्रमाणे ब्रॉडबँड म्हणायला किमान २ एमबीपीएस वेग लागतो, हेही माहीत असू द्या.

मग कंपनीला फोन करा. "नेट चालत नाही" असं म्हणू नका. म्हणा, "दोन वाजता लाइट आली. डबा एकदा बंद-चालू केला. सगळे मोबाईल बंद करून डब्याजवळ मोजलं, ४० च्या जागी ३ येतात. पी.ओ.एन. चा दिवा स्थिर आहे. शेजारी चांगलं चाललंय." एवढं सांगितल्यावर समोरच्याला "डबा बंद करून चालू करा" म्हणायला जागाच उरत नाही. तक्रार क्रमांक मागा, आणि तो तारीख-वेळेसकट गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहा. दुसऱ्यांदा फोन करावा लागला तर आधी तो क्रमांक सांगायचा, मग बाकीचं.