गदग ते हुबळी : एका गोलंदाजाची वाटचाल

गदगहून हुबळीस जाणारा मार्ग अण्णिगेरीवरून, काळ्या जमिनीच्या सपाट मुलखातून जातो. अंतर सुमारे 60 किलोमीटर. व्यापाऱ्याला, वकिलाला, कारकुनाला हे अंतर परिचयाचे आहे. परंतु शाळेत जाणाऱ्या एका मुलाने केवळ चेंडू टाकण्याच्या सरावासाठी ते रोज तोडावे, पहाटे घर सोडून हुबळी गाठावी आणि शाळेच्या वेळेपर्यंत पुन्हा गदगला परतावे, ही गोष्ट सहज घडणारी नव्हे. तो मुलगा म्हणजे पुढे भारताच्या कसोटी संघातून खेळलेला डावखुरा फिरकी गोलंदाज सुनील बंडाचार्य जोशी.

जोशी यांचा जन्म 6 जून 1970 रोजी गदग येथे झाला. गदग त्या वेळी धारवाड जिल्ह्यातच होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो 1997 साली. याच गदगातून 1933 साली अकरा वर्षांचा दुसरा एक जोशी गाण्याच्या ओढीने घर सोडून निघून गेला होता. भीमसेनांची ती कथा मराठी रसिकांना सांगावयास नको. उत्तर हिंदुस्थानात भटकून आल्यावर त्यांना गुरू लाभले ते हुबळीजवळच्या कुंदगोळास, सवाई गंधर्वांच्या घरी. विद्येसाठी पायपीट करणे या मुलखाला नवे नाही. फरक एवढाच की, या दुसऱ्या मुलाला गुरुगृही राहावयाचे नव्हते. त्याला रोज जाऊन रोज परत यावयाचे होते.

प्रगत देशांत खेळाडूची ही पायपीट संस्थाच पुष्कळशी वाचवितात. अमेरिकेतील फुटबॉलचेच उदाहरण घ्यावे. प्रतिपक्षाची धाव अंगावर झेलून अडविणारा जो ‘लाइनबॅकर’ असतो, त्याला शाळेच्या मैदानावरून हेरले जाते, विद्यापीठ त्याला शिष्यवृत्ती देऊन आपल्या वसतिगृहात आणते आणि मैदान, शिक्षक व वैद्य त्याच्या दाराशी उभे राहतात. तेथेही स्पर्धा निष्ठुर असते, दुखापतीने पुष्कळांचा खेळ अकाली संपतो. परंतु मैदानापर्यंत पोहोचण्यातच तरुणाची निम्मी शक्ती खर्ची पडत नाही. आपल्याकडे जिल्ह्याच्या गावातील मुलाची पहिली लढत असते ती अंतराशी.

ही लढत जिंकूनही यश लवकर आले नाही. कर्नाटकाच्या संघात जोशी यांना स्थान मिळाले ते 1992-93 च्या हंगामात, वयाच्या बाविसाव्या वर्षी. मात्र 1995-96 च्या रणजी हंगामात त्यांनी 500 हून अधिक धावा आणि 50 हून अधिक बळी अशी दुर्मीळ दुहेरी कामगिरी केली, आणि कर्नाटकाने ती स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी, बरोबर सव्विसाव्या वाढदिवशी, 6 जून 1996 रोजी, इंग्लंडमधील एजबॅस्टन येथे त्यांचा पहिला कसोटी सामना सुरू झाला. परंतु दैवाची थट्टा अशी की, बोटाच्या दुखापतीमुळे त्यांना त्या सामन्यात एकही षटक टाकता आले नाही.

त्यांच्या कारकिर्दीत दोन दिवस चिरस्मरणीय ठरले. 26 सप्टेंबर 1999 रोजी नैरोबी येथे दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात त्यांनी 10 षटके टाकली. त्यांतील 6 निर्धाव होती, धावा दिल्या केवळ 6, आणि बळी मिळविले 5. हॅन्सी क्रोनिए आणि जाँटी ऱ्होड्स यांच्यासारखे फलंदाज त्या बळींत होते. आफ्रिकेचा डाव 117 धावांत आटोपला. दुसरा प्रसंग नोव्हेंबर 2000 मधील. बांगला देशाच्या पहिल्याच कसोटी सामन्यात, ढाका येथे, जोशी यांनी पहिल्या डावात 5 आणि दुसऱ्या डावात 3 बळी घेतले. भारताचा डाव अडचणीत असताना त्यांनी 92 धावा काढल्या. त्या सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यांना मिळाला.

असे असूनही 2001 नंतर त्यांना भारतीय संघात स्थान मिळाले नाही. अनिल कुंबळे यांची जागा अढळ होती, आणि 2001 मध्येच ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या 3 कसोटींत 32 बळी घेऊन हरभजन सिंग पुढे आला होता. 15 कसोटी व 69 एकदिवसीय सामने, कसोटीत 41 बळी आणि एकदिवसीय सामन्यांत 69, एवढ्यावर हिशेब थांबला. ज्याला तेथे पोहोचावयास सव्वीस वर्षे लागली, त्याच्या वाट्याला शिखरावरची जेमतेम पाच वर्षे आली. परंतु जोशी मैदान सोडून गेले नाहीत. 2012 साली निवृत्ती जाहीर करीपर्यंत त्यांनी प्रथम दर्जाच्या सामन्यांत 600 हून अधिक बळी मिळविले. पहाटेच्या प्रवासाने अंगी बाणविलेला संयमच तेथे कामास आला असे म्हटले, तर ते वावगे होणार नाही.

पुढचा भाग विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. प्रशिक्षक या नात्याने ते जम्मू-काश्मीरसारख्या, मोठ्या केंद्रांपासून दूरच्या आणि दुबळ्या समजल्या जाणाऱ्या संघाकडे गेले. डिसेंबर 2014 मध्ये याच संघाने रणजी स्पर्धेत मुंबईचा वानखेडे मैदानावर पराभव केला. मार्च 2020 मध्ये जोशी राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झाले. दूरच्या गावातील मुलाला काय सोसावे लागते, हे जाणणारा माणूस निवडीच्या आसनावर बसला.

दरम्यान हुबळीही बदलली. राजनगरच्या मैदानावर ऑक्टोबर 2013 मध्ये भारत ‘अ’ आणि वेस्ट इंडीज ‘अ’ यांचा सामना झाला आणि चेतेश्वर पुजाराने तेथे नाबाद 306 धावा केल्या. हुबळीच्या मुलाला मोठा खेळ आता आपल्याच गावात पाहता येतो. परंतु हुबळीच्या पलीकडे गदग आहे, गदगच्या पलीकडे रोण आणि मुंडरगी आहे. तेथल्या मुलाच्या हाती उद्या चेंडू सुरेख वळू लागला, तर त्याला सरावासाठी किती दूर जावे लागेल, हा प्रश्न अजून शिल्लक आहे. जोशी यांनी ते अंतर स्वतःच्या पायांनी तोडले, याचे कौतुक जरूर करावे. मात्र प्रत्येक मुलाकडून तेवढ्याच कष्टांची अपेक्षा धरून स्वस्थ बसणे हे समाजाला शोभणारे नाही.